तळ्याच्या बुडाशी सापडलेली लाकडी कालवा-नौका : वर काढावी की तिथेच ठेवावी?

तळठाव

अमेरिकेत व्हर्मॉंट आणि न्यूयॉर्क या राज्यांच्या मधोमध लेक शॅम्प्लेन हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे. लांबी सुमारे १९३ किमी, उत्तरेचं टोक कॅनडात. तळाशी तीनशेहून जास्त बुडालेल्या नौकांची नोंद आहे आणि त्यात कालव्यातून माल नेणाऱ्या लाकडी नौका बऱ्याच. १८२३ साली शॅम्प्लेन कालवा सुरू झाला, सरोवर हडसन नदीला जोडलं गेलं आणि संगमरवर, लाकूड, लोखंडाचं खनिज, कोळसा, गवत हे सगळं या नौकांतून थेट न्यूयॉर्क शहरापर्यंत जाऊ लागलं.

यातली सर्वात माहितीची नौका म्हणजे 'जनरल बटलर'. बांधणी १८६२, एसेक्स, न्यूयॉर्क. ९ डिसेंबर १८७६ रोजी बर्लिंग्टनच्या लाटारोधक बांधावर आदळून बुडाली. १९८० मध्ये पाणबुड्यांना सापडली. ४० फूट पाण्यात, बुडावर सरळ बसलेली, संगमरवराचे ठोकळे अजून आत.

असा शोध लागला की पहिला प्रश्न ठरलेला : 'मग वर का काढत नाहीत?' माझं मत स्पष्ट आहे. काढू नये. पण 'काढू नये' एवढं म्हणून भागत नाही, कारण तिथे ठेवलेली नौकासुद्धा हळूहळू जातेच. लाकूड, लोखंड, सोनार (ध्वनीलहरींनी पाण्याखालचा तळ टिपणारं यंत्र), मोजमाप यातलं ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते इथे लिहावं. भावनिक वाद नको, तपशील हवेत.

---

सागवानी

मुळात दीडशे वर्षं टिकलीच कशी, तिथून सुरुवात करू.

लाकूड खाणारे तीन : समुद्रातला टेरेडो किडा, बुरशी आणि जिवाणू. टेरेडोला खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात तो जगत नाही. बुरशीला भरपूर प्राणवायू लागतो. थंड, खोल तळाशी आणि विशेषतः गाळात तो कमी असतो, म्हणून बुरशी मंदावते. उरतात ते जिवाणू. ते पेशीभित्तीतलं सेल्युलोज बाहेरून आत सावकाश कुरतडतात. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनचा सांगाडा मागे राहतो आणि रिकाम्या जागेत पाणी भरतं. म्हणून नौका दिसते जशीच्या तशी, पण फळीच्या वरच्या थरात सुई सहज घुसते.

किती कुजलंय ते पाण्याच्या प्रमाणावरून कळतं. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. १८५ टक्क्यांच्या आत आलं तर लाकूड बरं, १८५ ते ४०० मधलं, ४०० च्या वर गेलं तर अत्यंत नाजूक. गंमत म्हणजे एकाच फळीत तिन्ही वर्ग सापडतात : बाहेरचे एक-दोन सेंटीमीटर ४०० च्या वर आणि गाभा जवळजवळ ताजा. प्रक्रियेला हीच सर्वात मोठी अडचण, त्यावर कोणीतरी लिहीलच.

---

नाखवा

@सागवानी, टेरेडोच्या मुद्द्याला जोड. आपल्या कोकणात लाकडी होडी खाऱ्या पाण्यात सोडून दिली तर काही वर्षांत फळीची चाळण होते. म्हणून तर होड्या पावसाळ्यात वर ओढतात, बूड खरवडतात, तेल-डांबर लावतात. कोकण किनाऱ्यावर बुडालेल्या जुन्या गलबतांचं उघडं लाकूड मिळत नाही ते याचमुळे. मिळतं ते दगडी नांगर, खापरं, तोफा आणि गाळाखाली दबलेलं लाकूड असलंच तर.

---

पाणकोंबडी

मग आपल्या धरणांत एखादी जुनी नाव असेल तर टिकायला हवी ना? पाणी गोडंच आहे की.

---

नाखवा

@पाणकोंबडी, गोडं असलं तरी कोमट आणि चढउतार करणारं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं ते आपण पाहतोच. दगडाला ते चालतं. लाकूड दरवर्षी ओलं-कोरडं-ओलं झालं की तडकतं, आणि उघड्यावर आलेल्या ओल्या लाकडात बुरशी वेगाने वाढते. टिकायला पाण्याची पातळी कायम वर हवी, तळ थंड हवा. लेक शॅम्प्लेनची कमाल खोली सुमारे ४०० फूट आहे, खोल तळाचं पाणी भर उन्हाळ्यातही चार-सहा अंशांवर राहतं.

---

सुकाणू

सोनारच्या चित्रात कालवा-नौका ओळखायची कशी, हे आधी सांगतो. नाहीतर प्रत्येक लांबट डाग 'नौका' ठरतो.

या नौकांचा आकार बांधणाऱ्याने ठरवलेला नसून कालव्यातल्या लॉकने ठरवलेला असतो. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली टाकी, पाणी भरून-सोडून नौका चढवायची-उतरवायची. टाकीत मावेल तेवढी मोठी आणि शक्य तितकी चौकोनी नौका बांधायची, म्हणजे माल जास्त मावतो. म्हणून लांबी-रुंदीचं प्रमाण जवळपास सहास एक, बाजू सरळ उभ्या, बूड सपाट, नाळ (पुढचं टोक) बोथट. शॅम्प्लेनवरच्या १८६२ च्या सुमाराच्या नौका ८८ फूट लांब आणि साडेचौदा फुटांच्या आसपास रुंद. १८७३ नंतरच्या ९७ फुटांपर्यंत गेल्या, कारण लॉक वाढवले. नुसत्या लांबी-रुंदीवरून बांधणीचा काळ दहा-पंधरा वर्षांच्या पट्ट्यात पकडता येतो. इतर कुठल्या जहाजाच्या बाबतीत हे इतक्या सहज जमत नाही.

उंची सोनारच्या चित्रात वस्तूमागे पडणाऱ्या सावलीवरून काढायची. सूत्र : सावलीची लांबी गुणिले सोनारची तळापासून उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. सावली ८ मीटर, सोनार तळापासून १० मीटरवर, सावलीचं टोक ४० मीटरवर, तर वस्तू २ मीटर उंच. ८८ फूट लांब आणि २ मीटर उंच आली की मन लावून बघायचं. उंची अर्धा मीटर आली तर एक तर बाजू बाहेर पडल्यात, नाहीतर नौका गाळात रुतलीय.

एकच फेरी मारून माप घेऊ नका. नौकेच्या लांबीला समांतर दोन्ही बाजूंनी आणि मग आडवी, अशा निदान तीन फेऱ्या हव्यात. ओढणाऱ्या बोटीचा वेग बदलला की चित्र लांबीत ताणलं किंवा आखडलं जातं. ८८ ची ९७ दिसली की काळच चुकतो.

---

भरतीओहोटी

एक शंका. 'बटलर'ला दोन डोलकाठ्या होत्या असं वाचलं. कालव्यावर पूल असतात. मग डोलकाठ्या अडत नव्हत्या?

---

सुकाणू

@भरतीओहोटी, म्हणूनच ही जात खास. साधी कालवा-नौका बिनशिडाची. कालव्यात काठावरून खेचरं ओढणार आणि सरोवरात स्टीमर. शिडाच्या कालवा-नौकेला डोलकाठ्या डेकच्या आरपार न जाता डेकवरच्या खाचेत उभ्या असायच्या. कालव्याच्या तोंडाशी आलं की काठ्या उतरवायच्या, मधली खाली जाणारी फळी वर ओढून घ्यायची, की झाली साधी नौका. त्यामुळे सरोवराच्या वाऱ्यावर स्टीमरचं भाडं न देता जायचं आणि कालव्यात माल न उतरवता शिरायचं. सोनारवर फरक दिसत नाही. कॅमेरा उतरवून डेकवरची ती खाच आणि ती फळी जिच्यात सरकते ती बुडातली उभी पेटी शोधावी लागते.

---

तळठाव

'बटलर'च्या डेकवरच आणखी एक पुरावा आहे. त्या वादळात सुकाणूची यंत्रणा तुटली. कप्तान विल्यम मॉंटगोमेरीने सुकाणूच्या खांबाला साखळीने दांडा बांधून दिशा धरायचा प्रयत्न केला. नौका बांधावर आदळली, वरचे पाचही जण बर्फाळ बांधावर उड्या मारून उतरले, कप्तान सर्वात शेवटी, आणि नौका लगेच खाली गेली. जेम्स वेकफील्ड नावाच्या बर्लिंग्टनच्या व्यापाऱ्याने आणि त्याच्या मुलाने छोटी वल्ह्याची होडी घालून सगळ्यांना वाचवलं. वर काढताना असा साखळीचा एक वेढा निसटला की लिखित हकिकतीला जोडणारा दुवा संपला. 'काढू नये' म्हणण्यामागे माझं हे एक मोठं कारण आहे.

---

घोरपड

मी विरुद्ध बाजू मांडतो. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या लढाईत याच सरोवरात बुडालेली 'फिलाडेल्फिया' ही तोफनौका १९३५ मध्ये वर काढली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, लाखो लोक बघतात. ४० फुटांवरची 'बटलर' फक्त पाणबुड्यांनी बघायची? सामान्य माणसाचा तिच्यावर हक्क नाही का?

---

सागवानी

@घोरपड, प्रश्न रास्त आहे. पण दुसरं उदाहरणही बघा. 'अल्विन क्लार्क' हे दोन डोलकाठ्यांचं मालवाहू जहाज, १८६४ मध्ये लेक मिशिगनच्या ग्रीन बे भागात बुडालं. १९६९ मध्ये वर काढलं तेव्हा इतकं धडधाकट होतं की तरंगत ठेवता आलं. संवर्धनासाठी पैसा उभा राहिला नाही. मिशिगनमधल्या मेनोमिनी गावात उघड्यावर ठेवलं. लाकूड वाळलं, आकसलं, कुजलं. १९९४ मध्ये अवशेष तोडून टाकावे लागले. तळाशी १०५ वर्षं टिकलं आणि काठावर २५ वर्षांत संपलं.

वाळताना होतं काय तर पेशीतलं पाणी बाहेर जाताना पृष्ठताणाने भिंती आत ओढतं. ताज्या लाकडाच्या भिंती ते सोसतात, आकसणं काही टक्क्यांत राहतं. कुजलेल्या भिंती कोसळतात, फळी अर्ध्यावर येऊ शकते, वाकडी होते आणि खिळ्यापाशी फाटते. एकदा कोसळलेली पेशी पुन्हा पाण्यात टाकून उभी राहत नाही.

---

पेगवाला

मी याच मुद्द्याच्या खोलात जातो. उपाय एकच मोठ्या प्रमाणावर वापरला गेलाय : पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पेग. पाण्याच्या जागी मेणासारखा पदार्थ भरायचा. सुरुवातीला अगदी कमी प्रमाणाचं द्रावण आणि महिनोन्‌महिने हळूहळू वाढवत न्यायचं. घाई केली तर बाहेरच्या थरातलं पाणी आत जाणाऱ्या पेगपेक्षा वेगाने बाहेर ओढलं जातं आणि जे टाळायचं होतं तेच कोसळणं होतं.

रेणूचा आकार हा कळीचा प्रश्न. लहान रेणूचा पेग धडधाकट गाभ्यात शिरतो, पण सामान्य तापमानाला पातळच राहतो आणि ओल ओढतो. मोठ्या रेणूचा पेग घट्ट होतो, पण गाभ्यात शिरत नाही, तो कुजलेल्या बाहेरच्या थरासाठी. सागवानी म्हणतात तसे एकाच फळीत दोन्ही थर असतात, म्हणून आधी लहान, मग मोठा अशा दोन पायऱ्या.

आता हिशोब. ८८ फुटी नौकेचं बूड, दोन बाजू, डेक, आतल्या बरगड्या धरून लाकूड ढोबळ ३० घनमीटर. सरासरी ३०० टक्के पाणी धरलं तर लाकडात अडकलेलं पाणीच वीस टनांच्या वर. तेवढी जागा भरायला पेग टनांत लागतो आणि सगळी नौका बुडेल एवढी टाकी, नाहीतर फवाऱ्याची बंद शेड. स्वीडनच्या 'वासा' या वर काढलेल्या युद्धनौकेवर १९६२ ते १९७९ फवारणी चालली. इंग्लंडच्या 'मेरी रोझ' या तशाच युद्धनौकेवर पेगची फवारणी १९९४ ते २०१३. दोन्हीमागे देश उभा होता. कोळसा-विटा वाहणाऱ्या नौकेसाठी कोण उभं राहील?

आणि पेगनंतरही संपत नाही. 'वासा'त २००० साली आम्ल सापडलं. बंदराच्या घाण पाण्यातल्या जिवाणूंनी तयार केलेलं गंधक लाकडात मुरलं होतं, गंजलेल्या बोल्टांच्या लोखंडाने त्याचं गंधकाम्ल व्हायला मदत केली. कालवा-नौकांत लोखंड किती असतं ते विचारात घ्या.

---

ठोकबहाद्दर

लोखंड भरपूर! बऱ्याच कालवा-नौकांच्या बाजू बरगड्यांवर फळ्या ठोकून केलेल्या नसतात. जाड फळ्या एकीवर एक, काठावर काठ रचतात आणि वरून खाली लांब लोखंडी बोल्ट ठोकून शिवतात. बाजू ही एक अखंड भिंत होते. आत बरगड्या कमी, म्हणून माल जास्त. पण सगळी भिस्त त्या बोल्टांवर. बोल्ट फळ्यांच्या सांध्यात गंजून बारीक होतो, बाहेरून काही दिसत नाही. पाण्याखाली भिंत आपल्या वजनाने उभी राहते, कारण ओल्या लाकडाचं पाण्यातलं वजन जवळपास नाहीच. पट्टे लावून उचललं की भिंत बाहेर उघडते. आधी बूड निखळतं की बाजू, एवढाच प्रश्न.

---

पाणकोंबडी

पण 'वासा' उचललीच ना?

---

ठोकबहाद्दर

@पाणकोंबडी, 'वासा' जाड ओकची लढाऊ नौका. तरी पाणबुड्यांनी पाण्याच्या झोताने तिच्याखाली सहा बोगदे खणले, तारा ओवल्या, मग टप्प्याटप्प्याने उथळ पाण्यात आणली. इथे सपाट बुडाखाली बोगदे खणायचे म्हणजे फळ्यांना खालून धरून ठेवलेला गाळच काढायचा. आत साचलेला गाळ वेगळाच. २७ मीटर लांब, सव्वाचार मीटर रुंद आणि एक मीटर जाड थर म्हणजे शंभरावर घनमीटर. पाण्याच्या वर येताच दीडशे टनांचा भार त्या गंजक्या बोल्टांवर. 'बटलर'मध्ये संगमरवर आहे, तो अजून निराळा.

---

घोरपड

बरं, उचलण्याचा मुद्दा सोडतो. पण तिथे ठेवून लोकांना काय मिळालं, ते तरी सांगा.

---

तळठाव

@घोरपड, 'लोइस मक्लूर' मिळाली. लेक शॅम्प्लेन मॅरिटाइम म्यूझियमने 'जनरल बटलर' आणि तिच्याच वर्षीची 'ओ. जे. वॉकर' यांच्या पाण्याखालच्या मोजमापांवरून ८८ फुटांची पूर्ण आकाराची शिडाची कालवा-नौका बांधली. २००४ मध्ये बर्लिंग्टनला पाण्यात उतरवली आणि कालव्यांतून गावोगाव नेली. लोक तिच्या मागच्या खोलीत उतरू शकत होते, जिथे नाविकांची कुटुंबं राहायची. मूळ नौका उचलून काचेत ठेवली असती तर कोणी आत पाऊल ठेवू शकलं नसतं. मोजमाप नीट असेल तर नौका दुसऱ्यांदा बांधता येते.

'वॉकर' ११ मे १८९५ रोजी विटा आणि कौलांसकट बुडाली, ६५ फुटांवर आहे. विटा आणि हातगाड्या अजून तिथेच.

---

फीतमोज्या

मोजमाप 'नीट' म्हणजे काय ते लिहितो, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

आधी मध्यरेषेवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ताणलेली तार, तिच्यावर फीत. डेकच्या कडेला, कोपऱ्यात आणि झडपांच्या चौकटींवर कायमच्या खुणा. प्रत्येक नव्या खुणेचं अंतर किमान चार जुन्या खुणांपासून घ्यायचं. तिनांवर जागा ठरते, चौथं चूक पकडतं. फीत गाळात घासली किंवा खिळ्याला अडकली की पाच-सात सेंटीमीटर सहज जातात आणि तीनच अंतरं असली तर कळतही नाही.

खोलीचं माप : मनगटावरचा संगणक खाऱ्या पाण्याच्या मोडमध्ये राहिला तर गोड्या पाण्यात तीन टक्के कमी दाखवतो. २० मीटरला ६० सेंटीमीटर. एकाच चमूत दोन मोड असले की नौका कागदावर कललेली दिसते.

फोटोंवरून त्रिमिती चित्र करायचं असेल तर लागून येणाऱ्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक, शेजारच्या रांगेशी ६० टक्के. दीड-दोन मीटरवरून काढायचे. मोजपट्ट्या किमान चार, नौकेच्या चारही टोकांना, सगळ्या एकाच बाजूला नकोत. दिवे कॅमेऱ्यापासून हातभर दूर, नाहीतर तरंगणारा गाळ पांढरा चमकतो. पाय बेडकासारखे हलवायचे. वरखाली मारले तर एका फटक्यात तळ ढवळतो आणि तो दिवस संपला.

वेळेचं गणित कडक आहे. साध्या हवेवर, न थांबता वर येण्याची मुभा १८ मीटरला ५५ मिनिटांच्या आसपास, ३० मीटरला २०. पाणी दहा अंशांच्या खाली असेल तर थंडीला चालणारा रेग्युलेटरच (टाकीतली हवा श्वासाला देणारी झडप) घ्यायचा. साधा असेल तर प्रसरणाने थंड झालेल्या झडपेत बर्फ धरतो आणि हवा वाहतच राहते. त्यामुळे एका फेरीत एकच काम : आज फक्त खुणा, उद्या फक्त नाळ.

---

नदीकाठ

+१. अवांतर : १८८४ मध्ये याच सरोवरात स्टीमरच्या मागून सुटून 'ए. आर. नॉयस' ही कोळशाची नौका बुडाली. तिच्यात कोळशाची फावडी आणि खेचरांनी ओढण्याचं सामान सापडलं. ही बिनशिडाची जात, वर @सुकाणू यांनी सांगितली तीच.

---

भरतीओहोटी

@तळठाव, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की ठेवलेली नौकाही जाते. ती का?

---

पेगवाला

मी सांगतो. लेक शॅम्प्लेनमध्ये १९९३ मध्ये झेब्रा शिंपला सापडला. कठीण पृष्ठभाग मिळाला की तंतूंनी चिकटतो, एकावर एक थर. तिथे नाजूक झालेल्या लाकडाचा वरचा थर शिंपला निघताना बरोबर घेऊन येतो. वजनाने झडपांच्या चौकटी, कठडे मोडतात. लोखंडावर थर बसला की खाली प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू गंज वाढवतात. ठोकबहाद्दरांनी सांगितलेल्या बोल्टांचं आयुष्य इथे कमी होतं. खरवडून काढणं हा उपाय नव्हे, त्यात लाकूडच जातं.

झेब्रा बहुधा उथळ, उबदार भागात राहतो. त्याचा भाऊबंद क्वागा शिंपला खोल, थंड पाण्यात आणि मऊ तळावरही वाढतो, मोठ्या सरोवरांत त्याने ते दाखवून दिलंय. म्हणून पाणबुड्यांनी सामान गरम पाण्याने धुवावं, ६० अंशांचं असेल तर उत्तम, बोटीतलं साचलेलं पाणी काढून टाकावं आणि दुसऱ्या सरोवरात उतरण्याआधी निदान पाच दिवस सगळं कोरडं ठेवावं. अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

---

सुकाणू

आणि नांगर! शिंपल्याआधी नौका मोडते ती नांगराने. व्हर्मॉंटने १९८५ पासून काही अवशेषांवर कायमचे तरंगते खुणेचे गोळे बांधले, बोट त्यालाच बांधायची, नांगर टाकायचाच नाही. गोळ्याचं वजन नौकेपासून दूर तळावर असतं, दोर धरून खाली उतरलं की वाट नौकेकडे जाते. खर्च कमी आणि परिणाम मोठा.

---

घोरपड

मग माझा प्रश्न बदलतो. शिंपला येणारच असेल तर सुटी वस्तू तरी वर काढाव्यात की नाही? फावडं, हातगाडी, साखळीचा दांडा?

---

तळठाव

@घोरपड, माझं उत्तर : सगळ्या नको. जी वस्तू चोरीला जाण्यासारखी आहे किंवा आधार सुटून पडणार आहे, तीच, आणि तीही प्रयोगशाळेत जागा नक्की झाल्यावर. त्याआधी जागेवर फोटो, खुणांपासून चार अंतरं, नौकेच्या कोणत्या बाजूला तोंड होतं ते. वर आणताना डबा तळाशी न्यायचा, वस्तू पाण्यातच ठेवून झाकण लावायचं आणि त्याच पाण्यासकट वर. लोखंड आणि लाकूड जोडलेलं असेल तर शक्यतो उचलू नये. लोखंडाचं द्रावण लाकडाला मारतं आणि पेग लोखंडाला खातो, दोघांवर एकत्र उपचार अवघड. साखळीचा दांडा म्हणून तिथेच राहावा.

---

फीतमोज्या

आणि शिंपल्यांचा थर बसण्याआधी मोजायचं असेल तर क्रम ठरवा. आधी लोखंड आणि सांधे : बोल्टांची डोकी, त्यांतलं अंतर, फळ्यांची जाडी, कोपऱ्यांची बांधणी. थर बसला की हेच आधी झाकलं जातं. लांबी-रुंदी शिंपल्यांखालूनही दहा वर्षांनी मोजता येते, बोल्टांमधलं अंतर येत नाही.